‘दुप्पट मजबूत’, पण कशाच्या?



भारतीय विज्ञानवार्तांमध्ये एक बातमी ठरावीक काळाने नव्या नावाने परतते. कधी केळीच्या खुंटाचे तंतू असतात, कधी नारळाचा काथ्या, कधी भाताच्या तुसाची राख, आणि निधी बरा असेल तर ग्राफीन. हे द्रव्य इपॉक्सीत किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळले जाते आणि मथळा सजतो : ‘प्लास्टिकची मजबुती ८० टक्क्यांनी वाढली’. खाली एक वाक्य ठरलेले असते. विमाने, मोटारी आणि क्षेपणास्त्रे यांत या पदार्थाचा उपयोग होऊ शकेल. संस्था कोणत्याही राज्यातील असो, हे वाक्य बदलत नाही. माझे म्हणणे एवढेच की, केवळ टक्केवारीत सांगितलेली ही वाढ वाचकाला जवळजवळ काहीच सांगत नाही. तरीही ती छापली जाते, आम्ही संशोधक ती पुरवतो, आणि ती वाचून विद्यार्थी प्रबंधाचा विषय निवडतात.

प्रथम विषयाविषयी थोडे. बहुवारिकात भरणद्रव्य किंवा तंतू मिसळणे ही मुळीच नवी गोष्ट नव्हे. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत आणि पीव्हीसीच्या नळात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याने वस्तू स्वस्त होते, थोडी ताठ होते, मजबूत मात्र होतेच असे नाही. टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि तिथे भरणद्रव्य खरोखर रबराचे आयुष्य वाढवते. पाण्याची फायबरची टाकी, पवनचक्कीचे पाते, ‘तेजस’चा पंख ही तंतूंची उदाहरणे. ताठरपणा, ताणबल, चिवटपणा, उष्णतेला टिकणे आणि किंमत हे पाच निरनिराळे गुण आहेत. एक वाढवताना दुसरा बहुधा घटतो. मथळ्यातील ‘मजबुती’ या शब्दात हे पाचही गुण एकत्र कोंबलेले असतात.

आता त्या ८० टक्क्यांकडे वळू. समीक्षणासाठी माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत एक नमुना वारंवार दिसतो. शुद्ध इपॉक्सीचे ताणबल ३४ मेगापास्कल, एक टक्का भरणद्रव्य घातल्यावर ६१, म्हणून वाढ सुमारे ८० टक्के. गणित बिनचूक आहे. पण नीट मिसळलेले, हवा काढलेले आणि पुरेशा तापमानाला पुरेसा वेळ पक्व केलेले साधे इपॉक्सी, त्यात काहीही न घालता, ६० ते ८० मेगापास्कलपर्यंत सहज जाते. म्हणजे भरणद्रव्य घालून लेखक जिथे पोहोचला, तिथे ते न घालताही पोहोचता आले असते. त्याने दाखवले ते इतकेच की त्याचा मूळ नमुना खराब होता.

असे का घडते तेही पाहण्यासारखे आहे, कारण यात सहसा लबाडी नसते. भरणद्रव्याचे कण गुठळ्या धरतात, म्हणून विद्यार्थी ते रेझिनमध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तासभर विखुरतो. रेझिन तापते, पातळ होते. मग तो ते निर्वातात ठेवतो आणि बुडबुडे निघून जातात. शुद्ध इपॉक्सीच्या नमुन्यात मात्र विखुरण्यासारखे काही नसते. ते कपात ढवळून साच्यात ओतले जाते आणि बुडबुडे आत राहतात. ठिसूळ पदार्थ त्याच्यातील सर्वांत वाईट दोषापाशी तुटतो. अर्ध्या मिलिमीटरचा एक बुडबुडा निम्मे ताणबल खाऊ शकतो. तेव्हा यंत्राने मोजला तो भरणद्रव्याचा परिणाम की बुडबुड्यांचा? तुलनेच्या नमुन्यावर नेमकी तीच प्रक्रिया केल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही, आणि निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात या एका गोष्टीचा उल्लेख बहुतेकदा नसतो.

ताठरपणाच्या बाबतीत तर वहीच्या कोपऱ्यात पडताळा करता येतो. गोलाकार कण मिसळल्याने द्रव किती घट्ट होतो, हे आइन्स्टाइनने १९०६ साली मांडले. कणांचे आकारमान एक टक्का असेल तर घट्टपणा अडीच टक्क्यांनी वाढतो. (त्याच्या मूळ आकडेमोडीत चूक होती आणि ‘अडीच’ हा गुणक १९११ च्या दुरुस्तीत आला, कारण पॅरिसमध्ये प्रयोग करणाऱ्यांचे आकडे जुळत नव्हते. तुलनेचा प्रयोग आइन्स्टाइनलाही सुटला नाही.) पुढे हाच विचार भरणद्रव्ययुक्त रबराला लावला गेला. ताठ तंतू किंवा पापुद्रे असतील तर वाढ अधिक होते, पण तिलाही कमाल मर्यादा आहे. ग्राफीनचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १००० गिगापास्कल, इपॉक्सीचा सुमारे ३. आकारमानाने ०.१ टक्का ग्राफीन, सगळे पापुद्रे एकाच दिशेला, बंध परिपूर्ण, असे सर्व काही देवाच्या कृपेने जुळून आले, तरी मिश्रणाचा गुणांक ४ च्या वर जात नाही. एवढ्या भरण्यात कोणी ताठरपणा दुप्पट झाल्याचे सांगत असेल, तर एक तर मूळ नमुना बिघडलेला आहे किंवा कणांच्या सान्निध्यात बहुवारिकच बदलले आहे. दुसरी शक्यता खरी निघाली तर ती फार मोलाची आहे, पण तेव्हा ती वेगळ्या प्रयोगाने सिद्ध करायची असते, आणि बातमीही तीच असायला हवी.

संमिश्राचे खरे मर्म भरणद्रव्यात नसून त्याच्या आणि बहुवारिकाच्या सीमेवर असते. भार तंतूवर चढतो तो या सीमेतून, कातरबलाने. १० मायक्रोमीटर जाडीचा काचतंतू घ्या. त्याचे ताणबल २००० मेगापास्कल आणि सीमेचे कातरबल ३० मेगापास्कल धरले, तर तंतूची किमान लांबी एक तृतीयांश मिलिमीटर असावी लागते. त्याहून आखूड तंतू तुटण्याआधीच सुटून येतो आणि त्याची ताकद वाया जाते. म्हणून काचतंतूंवर सिलेनचा लेप देतात. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये पाच टक्क्यांहून कमी चिकणमाती घालून त्याचे उष्णतेने वाकण्याचे तापमान सुमारे ६५ वरून १५० अंश सेल्सियसच्या आसपास नेले. माती तर जगभर होती. त्यांनी नायलॉन त्या मातीच्या थरांमध्येच घडवले, थर सुटे झाले आणि बहुवारिकाच्या साखळ्या त्यांना बांधल्या गेल्या. आपल्याकडे या उदाहरणातून ‘माती घाला’ एवढाच बोध घेतला गेला.

नैसर्गिक तंतूंविषयी लिहिले की देशाभिमान दुखावतो, म्हणून स्पष्ट सांगतो : मी तागाच्या विरोधात नाही. ताग हलका आहे, बंगालमध्ये मुबलक आहे, आणि मोटारीच्या दाराच्या आतील आवरणासाठी जगात असे तंतू वापरलेही जातात. परंतु सामान्य दमट हवेत ताग स्वतःच्या वजनाच्या १२-१३ टक्के ओलावा धरतो. त्याने तंतू फुगतो, इपॉक्सीशी असलेला बंध सैल होतो, सुकला की आकसतो आणि फट राहते. या देशात चार महिने पाऊस असतो. तरीही बहुतेक निबंधांतील नमुने वातानुकूलित खोलीत, तयार झाल्यावर आठवड्याभरात तोडलेले असतात. एक पावसाळा त्या नमुन्यांना पाहू द्यावा, मग टक्केवारी सांगावी. काथ्याचे तर वेगळेच. तो पुष्कळ ताणला जातो, पण ताणबलात तागाच्या मागे आहे. दोरखंड आणि पायपुसणे यांसाठी निसर्गाने दिलेला तंतू विमानाच्या यादीत कसा येतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

विमानाचा उल्लेख आलाच आहे. ‘तेजस’च्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्राचा आहे. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने त्यातले अनेक भाग विकसित केले. तिथे सरासरी ताणबलाला कोणी विचारत नाही. अभिकल्पक विचारतो की, किमान ९० टक्के नमुने ज्याच्या वर राहतील असे ९५ टक्के खात्रीने सांगता येईल, ते मूल्य कोणते? तेही कोरड्या नमुन्यासाठी पुरत नाही, ओलावा मुरलेल्या आणि तापवलेल्या नमुन्यासाठी हवे, कारण ओलाव्याने इपॉक्सी मऊ होण्याचे तापमान खाली येते. वेगवेगळ्या खेपांतील रेझिन, वेगवेगळे कामगार, मग छोटे तुकडे, मग सांधे, मग अख्खा पंख, अशी चढती चाचणी वर्षानुवर्षे चालते. पाच नमुन्यांच्या सरासरीवर उभ्या असलेल्या आमच्या निबंधांचा शेवट ‘विमानात उपयोग होऊ शकेल’ असा होतो, तेव्हा या लोकांच्या कामाचा तो अपमान आहे, असे मी मानतो. त्यांच्या या कामाची बातमी होत नाही, कारण तिथे काहीही ८० टक्क्यांनी वाढत नाही.

ही खबरदारी केवळ शिष्टाचार नाही. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ ही पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना फुटली आणि आतील पाचही जण गेले. तिचे दंडगोल कवच कार्बन तंतूंचे होते. हा तंतू ताणाखाली अजोड असतो. दाबाखाली मात्र सारी मदार त्याला सरळ धरून ठेवणाऱ्या बहुवारिकावर आणि थरांमधील बंधावर असते. तपासात त्या कवचात पोकळ्या, सुरकुत्या आणि सुटलेले थर आढळले. आपल्या ‘समुद्रयान’ मोहिमेतील ‘मत्स्य ६०००’ साठी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने टायटॅनियम मिश्रधातूचा, ८० मिलिमीटर जाडीचा गोल निवडला. तीन माणसे सहा हजार मीटर खोल नेणाऱ्या पाणबुडीसाठी हा निर्णय मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. कोणता पदार्थ कुठे वापरू नये हे सांगणेही पदार्थविज्ञानच आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मूलभूत संशोधनाला लगेच उपयोग विचारू नये. मान्य, पण मग उपयोगाचे वाक्यही लिहू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : छोट्या महाविद्यालयात निर्वात भट्टी नाही, पगारबढती निबंधसंख्येवर अवलंबून आहे, विद्यार्थ्याकडे तीन वर्षे आहेत. याला मी नाही म्हणत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली, तरी नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न संख्येचाच असतो. पण नेमक्या याच महाविद्यालयांना करता येण्याजोगे उत्तम काम समोर पडलेले आहे. तागाचा एकच नमुना घेऊन तो पाच पावसाळे गच्चीवर ठेवावा आणि दरवर्षी तोडावा. औष्णिक केंद्रांतून या देशात वर्षाला वीस कोटी टनांहून अधिक राख निघते. केंद्रागणिक आणि महिन्यागणिक ती किती बदलते आणि त्याने भरलेल्या प्लास्टिकचे काय होते, याची कोष्टके करावीत. कारखानदाराला त्यांची गरज आहे. जपानमध्ये तोरे कंपनीने कार्बन तंतूचे व्यापारी उत्पादन १९७१ मध्ये सुरू केले. वजनाने निम्मे संमिश्र असलेले बोइंग ७८७ आकाशात गेले ते २००९ मध्ये. मधली अडतीस वर्षे असल्याच कंटाळवाण्या कोष्टकांची होती. आपण मात्र ‘तेजस’साठी लागणारा तंतू दीर्घकाळ परदेशातून आणत राहिलो.

वार्ताहरांना माझी विनंती छोटी आहे : टक्क्यांसोबत दोन्ही मूळ आकडे मागा, आणि शुद्ध नमुना कसा बनवला ते विचारा. विद्यापीठांकडे मात्र मागणी आहे. ‘शोधगंगा’वर देशातील लाखो प्रबंध खुले आहेत, पण त्यांत ताणबलाचे सरासरी आकडे आणि स्तंभालेख असतात. प्रत्येक नमुन्याचा ताण-विकृती आलेख, तुटलेले, फसलेले आणि वगळलेले नमुने धरून, प्रबंधासोबत जमा करणे बंधनकारक करावे. या फायली अगदी लहान असतात. आज त्या मार्गदर्शकाच्या खोलीतील जुन्या संगणकावर पडून असतात आणि विभागाने संगणक बदलला की भंगारात जातात.