मंद संगणक मोडीत काढण्यापूर्वी



आपल्या भागातील पुष्कळ घरांतली पोरं आता नवी मुंबईत स्थायिक झाली आहेत. कोणी तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, कोणी महाप्याच्या कंपनीत. गेल्या उन्हाळ्यात तिकडे जाणे झाले, तेव्हा दोन-तीन घरांत एकच तक्रार कानावर आली. टेबलावरचा संगणक सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेतो, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, सातबाऱ्याच्या नकला उतरवायच्या म्हटल्या तर अर्धा दिवस जातो. दुकानदाराचे उत्तर ठरलेले, "जुना झाला, नवा घ्या." नव्याचे पैसे गावाकडून मागवले जातात, म्हणजे उसाच्या बिलातूनच जातात. म्हणून हा विषय इथे घेतला.

माझे मत असे की नवा घेण्याआधी अडते कुठे ते पाहावे. विहिरीला पाणी आहे, मोटर पाच अश्वशक्तीची आहे, पण पाइप एक इंची. मग मोटर बदलून काय उपयोग? जुन्या संगणकात हा एक इंची पाइप बहुधा आतली हार्ड डिस्क असते. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि एक सुई माहिती शोधत फिरते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे काही काम नसताना डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर दिसला, तर दुखणे सापडले. तिच्या जागी एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काही नाही. मेमरी ४ जीबी असेल तर ८ करावी, मात्र २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा चौकशी करूनच. (ऐरोली-रबाळ्याला दिसतात तसल्या डेटा सेंटरांची मागणी हे त्याचे एक कारण.) डबा उघडलाच आहे तर पंख्यावरची धूळही काढावी. यंत्र तापले की आपोआप सावकाश चालते.

आता बाहेरची डिस्क. ती कोणत्या खाचेत लावली हे कोणी बघतच नाही! काळी खाच बहुधा जुन्या यूएसबी २ ची असते. कागदावर तिचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण पदरात पडतात ३०-४० मेगाबाइट. म्हणजे १०० जीबीला पाऊण तास. निळी खाच यूएसबी ३ ची, तिथे साधी फिरती डिस्कही हेच काम वीस मिनिटांच्या आत करते. वायरही त्याच जातीची हवी, आणि शक्यतो पाठीमागच्या खाचेत थेट लावावी. हजारो बारीक फाइली सुट्या पाठवल्या तर वेळ जातोच. ऊस मोळी बांधून भरतात, एकेक कांडे नेत नाहीत. तशा त्या एका झिप फाइलीत बांधून पाठवाव्यात.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे खरे. त्या भीतीने चांगली यंत्रे भंगारात गेली. ज्यांवर विंडोज ११ चालत नाही त्यांवर लिनक्स बसवता येते, ते फुकट आहे. पत्रव्यवहार आणि हिशेबाला ते पुरेसे आहे.

गट कार्यालयांतल्या जुन्या यंत्रांनाही हीच दुरुस्ती आधी करून पाहावी, असे शेतकी विभागात माझे म्हणणे आहे. लागणीची तारीख वेळेवर नोंदली गेली नाही की तोडणीचा क्रम बिघडतो, आणि भोगावे सभासदाला लागते.

एक मात्र लक्षात ठेवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वेगाचा विचार सोडा. दुसरे काही करण्याआधी महत्त्वाचे कागद आणि लग्नाकार्याचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. तशी डिस्क पुन्हा चालू होईलच याचा नेम नसतो.

– ऊस विकास अधिकारी