घरच्या यंत्राचे बारसे

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक बारसे झाले. बाळाचे नव्हे, यंत्राचे. तीर्थरूपांची पत्रे आणि आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या परक्यांच्या कोठारात ठेवणे आम्हांस रुचेना. तेव्हा चिरंजीवांनी तळहाताएवढा 'रास्पबेरी पाय' संगणक आणून, जोडीच्या चकतीवर ते सारे घरातच साठविले.

पत्ता मात्र १९२.१६८ने सुरू होणारा, नुसत्या आकड्यांचा. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत घर क्रमांकाने कधी कोणी शोधले आहे काय? अमक्यांचा वाडा म्हटले की पुरे! संगणकांचेही तेच. प्रारंभी त्यांच्या नावांची एकच यादी अमेरिकेतील एका संस्थेत ठेवली जाई. ती आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी कारभार वाटून देणारी 'डीएनएस' पद्धती रचली. तसलीच एक वही चिरंजीवांनी घरापुरती मांडली.

आम्ही हौसेने नावास 'लोकल' हे आडनाव लावले. ते दुसऱ्याच एका पद्धतीसाठी राखीव निघाले. काही यंत्रांना घर सापडे, काहींना सापडेना. अखेर २०१८ साली घरांसाठीच राखून ठेवलेले 'होम डॉट आर्पा' घेतले.

पुढे एका सायंकाळी वीज गेली, आली. पण तो संगणक काही उठेना. राउटर सर्वांस पत्ता विचारावयास त्याच्याकडेच धाडीत होता, त्यामुळे घरभर इंटरनेट ठप्प. नातवंडांनी घर डोक्यावर घेतले. आमचे लक्ष मात्र पत्रांकडे. सुदैवाने बिघडले होते ते केवळ कार्ड. चकती सुखरूप होती.

आता दुसरी प्रत पुण्यास भगिनीकडे असते. पोहोचल्याची खूण म्हणून तिने आईची एक ओवी फोनवरून ऐकविली.