ईएलसीबीचा खटका सारखा का पडतो?

सेनगावकडे पाऊस लागला की मातीच्या भिंती ओल धरतात आणि मीटरजवळचा ईएलसीबीचा खटका घडोघडी पडू लागतो. घरधनी वैतागून तो वगळतात, तारा थेट जोडून टाकतात. बंधूंनो, एवढे मात्र करू नका! गेलेली वीज पुरती परतली नाही, ३० मिलिअँपिअरइतकी कुठे झिरपली, की तो पडतो. ती वाट लेकराच्या अंगातूनही असू शकते.

सगळ्या पिना उपसा. नुसती बटणे बंद करून भागत नाही. खटका टिकला तर एकेक वस्तू लावून पाहा. पुष्कळदा चोर निघतो पाणी तापवायचा हीटर, नाहीतर मोटार. पिना काढूनही पडला तर दोष वायरिंगचा, वायरमनलाच बोलवा. खटक्यावरचे ‘टी’ बटण महिन्याला एकदा दाबा. दाबूनही पडला नाही, तर खटकाच बदलून घ्या.