नुसते ‘मंजूर, मंजूर’ म्हणून भागणार नाही



वार्षिक सर्वसाधारण सभेचा मांडव आपल्याला नवा नाही. अहवाल हातात पडतो, तो उन्हात डोक्यावर धरायला किंवा खाली टाकून बसायला कामी येतो. व्यासपीठावरून विषय वाचला जातो आणि पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो. मागे बसलेले आपण शेजाऱ्याला विचारतो, “कुठला विषय झाला रं?” तोवर पुढचाही मंजूर झालेला असतो. हे आम्ही कुणाचे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. आम्हीही त्याच मांडवात बसून हात वर केले आहेत. पण येत्या सभेपुढे गाळप क्षमता आणि डिस्टिलरी वाढवण्याचा विषय येणार आहे. त्यासाठी काढलेले कर्ज आपल्या उसाच्या बिलातूनच फिटायचे आहे. म्हणून सभेआधी चार गोष्टी मोकळेपणाने मांडाव्यात असे वाटले.

आपली सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली तेव्हाचे पुढारी कसे होते ते आधी आठवू. नगर जिल्ह्यात लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा कारखान्याची पहिली मोळी पडली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअरची रक्कम गोळा केली होती. ते स्वतः शाळेत फार शिकलेले नव्हते. कारखाना त्यांच्या कष्टाने उभा राहिला, तरी अध्यक्षपदी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना बसवले. गाडगीळ ना त्यांच्या भावकीतले, ना गटातले. पण शेतकऱ्यांजवळ जिद्द आणि ऊस आहे, अर्थशास्त्र आणि हिशेबाची शिस्त बाहेरून आणावी लागेल, हे त्या मंडळींनी ओळखले होते. आपल्यात काय कमी आहे ते ओळखून ते मिळवणे, याला आम्ही खरे पुढारपण म्हणतो.

त्यानंतरच्या काळात चेअरमनचे काम वेगळे होते. परवाना मिळवायचा, सरकारचे भागभांडवल आणि हमी आणायची, वित्तीय संस्थेचे कर्ज पदरात पाडून घ्यायचे. एके काळी निम्म्याहून अधिक साखर लेव्हीत जायची. कुठला ऊस कुठल्या कारखान्याला जायचा हे झोनबंदीने ठरलेले असे. त्या दिवसांत ज्याचे मुंबई-दिल्लीत वजन, तो चेअरमन चांगला, असे आपण म्हणत असू. त्यात फारसे चुकतही नव्हते.

पण दिवस पालटले. १९९८ साली साखर धंद्यातील परवाना पद्धत गेली. २०१३ साली लेव्ही गेली. झोनबंदी त्याआधीच उठली होती. राज्यात २०२४-२५ च्या हंगामात सुमारे २०० कारखान्यांनी गाळप केले, त्यांत जवळपास निम्मे खासगी होते. आपल्या सभासदाच्या फडात आज दुसऱ्या कारखान्याची टोळी कोयता घेऊन उभी राहू शकते, आणि तिला अडवणारा कायदा नाही. भाव, वेळेवर तोड आणि वेळेवर बिल एवढ्यावरच ऊस आपल्याकडे येईल.

आता पैशाचे गणित पाहा. २०१८-१९ साली उसाची एफआरपी १० टक्के उताऱ्याला टनामागे २,७५० रुपये होती. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला ३,५५० रुपये ठरली. ती शेतकऱ्याच्या घामाचा दाम आहे आणि एक रुपयाही कमी होता कामा नये, हे आमचे पक्के मत आहे. पण साखरेची किमान विक्री किंमत २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरली, ती २०२५ पर्यंत हलली नाही. ऊस चार महिन्यांत येतो, कायद्याने त्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. साखर मात्र महिन्याच्या कोट्याप्रमाणे वर्षभर विकायची. मधली ओढाताण बँकेच्या माल तारण कर्जावर निभते. त्याचे व्याज कुठून जाते? आपल्याच उसातून.

अशा वेळी “क्षमता वाढवा, बाकी आपोआप होईल” हे म्हणणे धोक्याचे आहे. समजा एखादा कारखाना रोज २,५०० टन गाळतो आणि १६० दिवस चालतो. म्हणजे ४ लाख टन ऊस झाला. त्याने क्षमता दुप्पट केली आणि ऊस तेवढाच राहिला, तर गव्हाण ८० दिवसांत रिकामी. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिन्यांचा. कायम कामगारांचा पगार बारा महिन्यांचा. यंत्रे वर्षातले नऊ महिने उभी राहून गंजणार. शेजारच्या चार कारखान्यांनी हेच केले, तर एकाच शिवारातल्या उसावर पाच जण तुटून पडतात आणि कोवळा ऊसही गाळला जातो. मग उतारा कुठून येणार?

पावसाचे तर कुणाच्या हाती नाही. राज्यात २०२१-२२ साली सुमारे १३७ लाख टन साखर झाली होती. २०२४-२५ ला ती ८१ लाख टनांच्या आसपास आली. चांगल्या वर्षाकडे बघून कर्ज काढले आणि वाईट वर्षी फेडायची पाळी आली, तर चेअरमन कितीही वजनदार असो, हप्ता चुकायचा तो चुकतोच.

इथेनॉलने कारखान्यांना आधार दिला यात शंका नाही. तेल कंपन्यांकडून पैसा लवकर येतो. पण ७ डिसेंबर २०२३ चा दिवस विसरता येणार नाही. ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. आठवड्याभराने १७ लाख टन साखरेएवढ्या मर्यादेत मुभा मिळाली, आणि बंधने उठायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. ज्यांनी सगळा हिशेब रसाच्या इथेनॉलवर मांडला होता त्यांची झोप उडाली. ज्यांनी मळीचा आणि साखरेचा मार्ग खुला ठेवला होता ते त्यातल्या त्यात सावरले. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मक्यावर आणि खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून केंद्राने व्याज सवलतीची योजना आणली. ती आपल्याला परवडते का, मका कुठून आणि काय भावाने येईल, हे कागदावर मांडून पाहणारा माणूस संचालक मंडळात हवा.

सहकार कायद्यात तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय आहे. ही जागा म्हणजे गाडगिळांच्या खुर्चीची आठवण आहे. ती निवडणुकीतल्या नाराज माणसाची समजूत घालायला वापरली, तर आपण आपलेच नुकसान करू. वित्त जाणणारा, साखरेचा बाजार जाणणारा, ऊसशेती जाणणारा माणूस तिथे बसवा. कार्यकारी संचालकाला त्याचे काम करू द्या. नोकरभरतीची चिठ्ठी घेऊन त्याच्या दारात उभे राहू नका. ही सवय आपल्यालाही आहे, फक्त पुढाऱ्यांना नाही.

कुणी म्हणेल, “आमाला त्यातलं काय कळतंय? चेअरमन बघतील की!” आम्ही म्हणतो, ज्याला खताच्या पोत्याचा आणि पाण्याच्या पाळीचा हिशेब कळतो त्याला हेही कळते. सभेला येण्याआधी अहवाल वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. आणि हे प्रश्न उभे राहून विचारा. शेजारचे कारखाने नेतील तो वजा जाता आपल्या गाळपाला ऊस किती उरतो? वाढीव क्षमतेवर हंगाम किती दिवस चालेल? इथेनॉलचे धोरण एक वर्ष फिरले, तर हप्ता कशातून भरणार? पोत्यामागे प्रक्रिया खर्च किती, आणि गेल्या पाच वर्षांत तो वाढला की घटला?

संचालक मंडळाजवळ या प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर आम्ही स्वतः पहिल्या रांगेत जाऊन ‘मंजूर’ म्हणू. नसतील, तर विषय एक सभा पुढे ढकलल्याने आकाश कोसळणार नाही. विचारणाऱ्याला विरोधक समजू नये, एवढीच व्यासपीठाला विनंती. चांगल्या कारभाऱ्याला प्रश्नांचे भय नसते, उलट बँकेपुढे आणि सरकारपुढे बोलताना त्याचे पाठबळच वाढते.

हा कारखाना आपल्या वाडवडिलांनी बैल विकून, दागिने गहाण ठेवून घेतलेल्या शेअरवर उभा आहे. त्या शेअरबरोबर मत आले, तशी जबाबदारीही आली. सभेला या, अहवाल वाचून या, आणि हात वर करण्याआधी विषय कोणता आहे ते नीट ऐका.