लाजेपायी चिघळणारे दुखणे

गुडघेदुखी चारचौघांत सांगितली जाते, मूळव्याधीवरही सल्ले दिले-घेतले जातात. जांघेत लाल चट्टा उठला की मात्र साठी उलटलेले, शिकलेसवरलेले गृहस्थही औषधाच्या दुकानात दबक्या आवाजात ‘खाजेची एखादी ट्यूब द्या’ एवढेच म्हणतात. खरे नुकसान तेथूनच सुरू होते.

हा चट्टा बहुधा बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा असतो. पावसाळ्यातील दमट हवा, दिवसभर पेढीवरची बैठक, घट्ट पँट आणि अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे एवढे त्याला पुरते. दुकानातील कित्येक ट्यूबांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉईडही मिसळलेले असते. त्याने खाज चटकन थांबते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. वस्तुतः त्वचेची प्रतिकारशक्ती तेवढी दबलेली असते. बुरशी पसरतच राहते आणि ट्यूब थांबताच खाज जुन्या थकबाकीसारखी व्याजासह परत येते. दीर्घकाळ वापर झाल्यास जांघेची कातडी पातळ होते व तिच्यावर कधीही न जाणारे पट्टे उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरी ती मागताक्षणी हाती पडतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी एक बुरशी तर आपल्याकडे इतकी फोफावली, की शास्त्रज्ञांनी तिचे नावच ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ठेवले. देशाचे नाव असे गाजावे, हे काही भूषण नव्हे.

त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे लागते. पंचा प्रत्येकाचा वेगळा हवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी व्हावेत, नाहीतर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. शिश्नाच्या पुढील त्वचेखाली वारंवार लाली, खाज, पांढरा थर, किंवा ती त्वचा हळूहळू आवळून मागे न सरकणे, ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते. लघवीतील साखरेवर बुरशी पोसते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या तर साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांनी ही खाज डॉक्टरांपासून लपवू नये आणि आपल्या मनाने गोळी बंदही करू नये. प्रौढ वयात नव्याने असा त्रास सुरू झालेल्याने मलम विचारण्याआधी रक्तातील साखर तपासावी.

रोजची निगा अगदी साधी आहे. स्नानाच्या वेळी त्वचा सहज जाईल तेवढी मागे घेऊन कोमट पाण्याने धुवावे, हलके टिपून कोरडे करावे आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिल्यास सूज येऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते. उग्र साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी फवारे यांचे तेथे काही काम नाही. लहान मुलांची त्वचा जन्मतः चिकटलेली असते व वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते. आजीने किंवा आईने स्नान घालताना ती ओढू नये. केस काढलेच पाहिजेत असाही नियम नाही. वाढले तर छोट्या कात्रीने कापावेत. वस्तऱ्याने कापल्याच्या जखमा होतात, केस आत वळून पुळ्या येतात. वस्तरा किंवा ब्लेड तर सख्ख्या भावाचेही वापरू नये, कारण कावीळ-बी रक्तातून पसरते. अंतर्वस्त्रे सुती, सैल आणि रोज बदललेली असावीत. पावसाळ्यात ती पूर्ण वाळत नसतील तर इस्त्री फिरवावी.

शिश्नावर गाठ, व्रण किंवा रक्तस्राव दिसला आणि तो दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे. तेथील कर्करोग क्वचित होतो. परंतु आवळलेल्या त्वचेखाली वर्षानुवर्षे साचलेली अस्वच्छता त्याचा धोका वाढवते. त्याचे निदान लवकर झाले तर बहुधा अवयव वाचतो. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल, तर पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावे.