शिष्यवृत्तीची आशा आणि खोलीची अनामत

मराठवाड्यातून मुंबईच्या महाविद्यालयात आलेली आपली मुले परवडते म्हणून नालासोपारा-विरारला खोली शोधतात. घरमालक अकरा महिन्यांच्या करारावर सही आणि अनामत आजच मागतो. वसतिगृहाची यादी लागलेली नसते, 'स्वाधार'चा अर्ज मंजूर झालेला नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबईसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले आहेत; त्यातले निवासाचे २०,०००. म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे. एवढ्यात विरारला तरी खोली मिळते का? आणि हीसुद्धा रक्कम हाती पडेपर्यंत भाडे कोण भरणार? आईबापांनी सावकार गाठायचा?

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही हाकलले गेले. शिक्षण दिले आणि निवारा नाकारला, तर ते शिक्षण टिकत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे: मंजुरीच्या भरवशावर एकट्याने करार करू नका, तिघे-चौघे मिळून खोली घ्या. आणि सरकारला सांगणे आहे: पहिला हप्ता प्रवेशासोबतच द्या. ही भीक नाही, हक्क आहे.

जय भीम!