पाहुणा बॅट्समन

आमच्या भंडारा जिल्ह्यात धान कापून झालं की रिकाम्या बांध्यांमध्ये टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. लहानपणी आमच्या गावच्या टीमनं एकदा नागपूरहून एक बॅट्समन आणला होता. पैसे ठरले होते, वर कोंबड्याचं जेवण. त्या पठ्ठ्यानं तीन मॅचेसमध्ये बॉल असे मारले की अर्धे तर तणसाच्या ढिगात शोधावे लागले. कप आमचा झाला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. पुढच्या वर्षी तो शेजारच्या गावाकडून खेळला आणि आम्ही पहिल्याच मॅचमध्ये हरलो. आमच्यातला एकही पोट्टा पहिल्यापेक्षा चांगला खेळत नव्हता.

रणजी आणि विदर्भ म्हटलं की मला हा पाहुणा हमखास आठवतो.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. जवळपास साठ वर्षं एकदाही फायनल नाही. आपली टीम म्हणजे मोठ्यांच्या पंक्तीला कोपऱ्यात बसवलेलं पोर! अशा टीमकडे २०१५-१६ मध्ये वसीम जाफर आला. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं जिंकलेला, भारतासाठी ३१ कसोटी खेळलेला. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आला आणखी एक पाहुणा.

१ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला. विजयी फटका जाफरचाच. त्यामुळे 'जाफरनं जिंकवलं' असं लोक सहज म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या मोसमात विदर्भाकडून सर्वाधिक धावा कर्णधार फैज फझलच्या होत्या, ९१२. कर्नाटकविरुद्धची सेमीफायनल आपण अवघ्या ५ धावांनी जिंकली, ती रजनीश गुरबानीच्या १२ विकेट्समुळे. फायनलमध्ये हॅटट्रिक त्याचीच, आणि शतक अक्षय वाडकर नावाच्या पोराचं. शिवाय प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांची शिस्त होती.

मग जाफरनं केलं काय? माझ्या मते, जिंकणाऱ्याच्या सवयी त्यानं ड्रेसिंग रूममध्ये आणून ठेवल्या. दहा-वीस धावांवर खूश न होणं, दिवसभर क्रीजवर बसून राहणं, समोर कोण आहे हे पाहून न बिचकणं. या गोष्टी भाषणानं शिकवता येत नाहीत. शेजारी उभं राहून कुणीतरी रोज करून दाखवाव्या लागतात. पुढच्याच मोसमात चाळिशीतल्या या माणसानं १०३७ धावा काढल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये विदर्भानं पुन्हा रणजी जिंकली. इतका मोठा खेळाडू या वयातही घाम गाळतोय म्हटल्यावर बाविशीतला पोट्टा कोणत्या तोंडानं थकलो म्हणणार?

२०२० मध्ये जाफर निवृत्त झाला. खरी परीक्षा इथून पुढे होती. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार होता तोच अक्षय वाडकर. हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ विकेट्स घेऊन रणजीचा विक्रम केला. करुण नायरसारखा बाहेरचा खेळाडू याही टीममध्ये होता, हे मान्य. पण आता पाहुण्यावाचून आपलं अडलेलं नव्हतं.

बाहेरचा माणूस आणला की आपल्या पोरांची जागा जाते, अशी तक्रार नेहमी होते. ती खोटी नाही. एक जागा जातेच. प्रश्न एवढाच की त्या एका जागेच्या बदल्यात उरलेल्या दहा जणांना काय मिळालं? आमच्या गावाला कप मिळाला होता. विदर्भाला कपासोबत वाडकर मिळाला.

तो कप अजून आमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटावर धूळ खात पडलाय. त्याच्यावर त्या पाहुण्याचं नाव नाही, आणि खरं सांगायचं तर आमचंही असायला नको होतं.